टवाळकी, उनाडकी आणि कालक्षेप

भाषेची परीक्षा करावयाची झाली म्हणजे आपले टीकाकार बहुधा तिच्या उंची वस्त्रांकडे पाहतात. महाकाव्यातील उपमा, तत्त्वचर्चेतील परिभाषा आणि स्तोत्रातील नादमाधुर्य पाहून ते भाषेचे वैभव ठरवितात. ही परीक्षा खोटी नव्हे, परंतु ती अपुरी आहे. घराची रीतभात दिवाणखान्यापेक्षा ओसरीवर अधिक कळते. त्याप्रमाणे समाजाचा नीतिविचार त्याच्या ग्रंथांइतकाच, आजी नातवाला रागे भरताना जे शब्द वापरते त्यांतही सापडतो. वेळ वाया घालविणारा, हिंडणारा, खिदळणारा, थट्टा करणारा माणूस मराठीने कोणकोणत्या नावांनी ओळखला, हा प्रश्न म्हणूनच वरवर क्षुल्लक असला तरी विचार करण्याजोगा आहे. हे शब्द शाळेच्या निबंधात चालत नाहीत आणि सभेत उच्चारले तर लोक हसतात. तरीही त्यांच्यात एक सूक्ष्म न्यायबुद्धी दडलेली आहे, ती आता झपाट्याने झिजत आहे, आणि त्या झिजेशी देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या आपणा सर्वांचा संबंध आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या विचारासाठी बऱ्हाणपूरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. ताप्तीच्या काठी १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी वसविलेले हे नगर खानदेशची राजधानी होते. येथील जामा मशिदीत फारुकी घराण्याची वंशावळ संस्कृत शिलालेखातही कोरलेली आहे, एवढ्यावरून या गावात भाषांचा शेजार किती जुना आहे हे ध्यानी यावे. १६०१ साली असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. हिंदी दोह्यांचा कवी अब्दुल रहीम खानखाना याने दख्खनचा सुभेदार म्हणून याच गावात दीर्घकाळ मुक्काम केला. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांना मिळाले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. फारसी दरबार, विणकरांची उर्दू, गुजराती व्यापारी, निमाडी शेतकरी आणि खानदेशी व मराठी घरे ही सर्व एका तटाच्या आत नांदली. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात मराठीला १९०५ साली स्वतंत्र खंड दिला, पण खानदेशीची नोंद मात्र १९०७ च्या भिल्ल भाषांच्या खंडात केली. या प्रदेशात भाषेची सीमा आखणे पंडितालाही किती अवघड गेले असेल, याची ती साक्षच आहे. जेथे सीमा आखता येत नाही तेथे शब्द मात्र निर्धास्तपणे ये-जा करतात, आणि त्यांतही कामाच्या शब्दांपेक्षा रिकामपणाचे शब्द अधिक सहज हिंडतात. दस्तऐवजाची भाषा सरकार ठरविते. टिंगलीची भाषा ठरविण्यास कोणतेही सरकार समर्थ नाही.

माळवा-निमाडच्या बोलीत ‘टेम खोटी मत करो’ असे म्हणतात. गुजरातीत खोळंबून राहण्याला ‘खोटी थवुं’ म्हणतात. मराठीतही ‘खोटी होणे’ हा प्रयोग जुना असून खोळंबा, अडकून पडणे, विलंब होणे हा त्याचा अर्थ जुन्या कोशांनी दिला आहे. तीन भाषांच्या तिठ्यावर उभा असलेला हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात ‘खोटे’ हा शब्द ऐकू येतोच. मोगलांची टांकसाळ असलेल्या गावात खोट्या नाण्याची भीती काय असते हे सांगावयास नको. वेळ ‘खोटी’ करणारा मनुष्य जणू दुसऱ्याच्या गाठीचे खरे नाणे घेऊन त्याला खोटे परत देतो. येथे दोष आळसाचा नाही. आळशी माणूस स्वतःचा वेळ दवडतो, खोटी करणारा दुसऱ्याचा दवडतो. हा भेद ज्या बोलीला एका शब्दात करता येतो तिला अडाणी कोण म्हणेल?

बऱ्हाणपुरात अशी एक प्रसिद्ध खोटी इतिहासाने नोंदली आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या भेटीस निघाला असता वाटेत येथे थांबला. शहाजादा परवेझ तेव्हा येथे होता. रोने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटीही दिली. खाजगी भेटीचे आश्वासन मिळाले, वकील वाट पाहत बसला, आणि शहाजादा त्याच पेटीच्या कृपेने शुद्धीत नसल्यामुळे ती भेट झालीच नाही. ही हकीकत रोने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. फारसीत अशा अवस्थेतील माणसाला ‘मस्त’ म्हणतात. त्यापासून झालेला ‘मस्ती’ हा शब्द मराठीने घेतला आणि त्याचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. मस्तवाल, मस्ती जिरविणे या प्रयोगांत मूळची उन्मत्तता शिल्लक आहे. परंतु आई मुलाला ‘मस्ती करू नकोस’ म्हणते तेव्हा त्यात मद्याचा वासही उरलेला नसतो. शहाजाद्याच्या दालनातील शब्द मराठी अंगणात येऊन पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर बेतला गेला.

फारसी-अरबीतून आलेल्या अशा शब्दांची एक पंगतच मांडता येईल. ‘तमाशा’च्या मुळाशी अरबीत चालणे आहे. फारसीत त्याचा अर्थ सहल आणि मौजेने पाहणे असा झाला आणि महाराष्ट्रात त्याचे एक नाट्यरूपच उभे राहिले. ‘फुरसत’ ही अरबीत मुळात संधी होय. आपल्याकडे ती सवड झाली. ‘दिरंगाई’त फारसीचा ‘दिरंग’ म्हणजे विलंब आहे. ‘मस्करी’ अरबीतील विदूषकापासून आली, आणि गंमत अशी की संस्कृतात मस्करी म्हणजे दंडधारी परिव्राजक. एकाच ध्वनीत संन्यासी आणि खुशमस्कऱ्या दोघांनाही जागा मिळाली आहे. ‘खुशालचेंडू’ हा तर या मिश्रणाचा मुकुटमणी म्हणावा लागेल. अर्धा फारसी, अर्धा देशी. कोणी टोलवील तिकडे उसळत जाणारा आणि कोठेही आपटला तरी आनंदात असणारा माणूस त्या एका शब्दाने डोळ्यांपुढे उभा राहतो. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करून या ऋणाचा हिशेब मांडला. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचून दरबारी यवनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि ते राज्याच्या स्वत्वाला शोभणारेच कार्य होते. परंतु सिंहासन, खजिना, शस्त्रे आणि दुर्ग यांची भाषा बदलता येते; मस्करीला प्रतिशब्द देऊन मस्करी होत नाही. हास्य उत्पन्न करणारा शब्द आज्ञेने बदलत नाही, ही गोष्ट भाषाशुद्धीच्या प्रत्येक पुरस्कर्त्याने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

आता खास देशी शब्दांकडे वळू. प्रथमदर्शनी ही एक बेशिस्त गर्दी वाटते: बागडणे, हुंदडणे, उंडारणे, उनाडक्या, टिवल्याबावल्या, टंगळमंगळ, चालढकल, चकाट्या, टवाळक्या, शिळोपा, उठाठेव. पण जरा निरखून पाहिले तर प्रत्येकाची जागा ठरलेली दिसते. मूल बागडते, वासरू हुंदडते. त्यांच्यापुढे काम नाही, म्हणून त्यांना दोषही नाही. तेच वासरू बैल झाले, जू मानेवर यावयाचे दिवस आले आणि तरीही ते मोकाट फिरू लागले, म्हणजे ते उंडारते. बागडणे आणि उंडारणे यांत पायांची हालचाल एकच आहे. वयाने अर्थ बदलला. दिवसाचे काम उरकून, हातपाय धुऊन, ओट्यावर बसून माणसे जे बोलतात त्या शिळोप्याच्या गप्पा. काम पुढ्यात पडलेले असताना जे चालते ती टंगळमंगळ. दोहोंत कदाचित तेच विषय, तीच माणसे आणि तीच सुपारी. फरक एवढाच की एक कामानंतर आहे आणि दुसरे कामाऐवजी. ‘चालढकल’ म्हणजे काम उद्यावर लोटणे. ‘टिवल्याबावल्या’ म्हणजे हात हलत असून काम न होणे. ‘उठाठेव’ म्हणजे आपले काम सोडून दुसऱ्याच्या कामाची उचल-ठेव करणे. आणि जेथे दुसऱ्याच्या व्यंगावर, गरिबीवर, भोळेपणावर हसून वेळ घालविला जातो तेथे ‘टवाळकी’ सुरू होते.

म्हणजे हे शब्द माणसाला न कळत चार प्रश्न विचारतात. तुझे वय काय? काम झाले आहे की राहिले आहे? जो वेळ गेला तो तुझा की दुसऱ्याचा? आणि तुझ्या मौजेची किंमत कोणी मोजली? धर्मशास्त्राने देश, काल आणि पात्र पाहून निर्णय द्यावयास सांगितले आहे. आमच्या आजीबाईंनी धर्मशास्त्र वाचले नव्हते, पण नातवाला ‘उनाड’ म्हणावयाचे की ‘टवाळ’ हे ठरविताना त्यांनी तोच विवेक केला. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ हा शब्द आला आहे. सूत्र लांबवीत नेणारा हा माणूस विणकरांच्या गावाला लगेच समजावा, कारण कापड न विणता नुसता धागा लांबवीत बसणारा कारागीर तेथे कोणाला परवडणार? ‘चालढकल’ ही त्याच दीर्घसूत्रतेची घरगुती बहीण आहे. ग्रंथातील शब्द आणि ओसरीवरील शब्द यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही.

या शब्दांची घडणही पाहण्यासारखी आहे. मराठीत रिकामा माणूस जे काही करतो त्याला क्रियापदे मात्र कष्टाची लागतात. गप्पा मारतात, हाणतात, झोडतात, ठोकतात, छाटतात, चकाट्या पिटतात, दुकानात गिऱ्हाईक नसले की माश्या मारतात. कोकणीतही ‘खबरो मारप’ असेच म्हणतात. लोहाराच्या आणि लाकूडतोड्याच्या अंगमेहनतीची सारी क्रियापदे काहीही न करणाऱ्याच्या वाट्याला आली आहेत. हा निव्वळ योगायोग नसून भाषेचा मिस्किलपणा आहे, असे मला वाटते. जो घाम गाळीत नाही त्याच्या जिभेच्या श्रमाचे तिने असे कौतुक केले आहे. शिवाय टवाळ, टिंगल, टिवल्या, टंगळमंगळ, टाळाटाळ, टुकार यांतून वाजणारा टकार कानावर टिचकी मारल्यासारखा येतो. टंगळमंगळ, अळंटळं, टाळाटाळ या जोडशब्दांत एक पाऊल पुढे आणि तेच पाऊल मागे अशी लय आहे. उच्चारतानाच काम पुढे सरकत नसल्याचा प्रत्यय येतो. ‘गप्प’ म्हणजे मौन आणि ‘गप्पा’ म्हणजे वाचाळता, हा चमत्कार तर परकीयाला समजावून सांगणे कठीण आहे.

येथपर्यंत स्तुती झाली. परंतु टीकेचे काम स्तुतीने संपत नाही. हा शब्दसंग्रह निर्दोष आहे असे म्हणणे सत्याला सोडून होईल. पहिला दोष असा की तो गरिबाला झटकन दोषी ठरवितो आणि श्रीमंताला सहज सोडतो. ताप्तीपलीकडे जैनाबादला मोगलांचा ‘आहूखाना’ होता. आहू म्हणजे हरिण. बादशाही शिकारीच्या मौजेसाठी राखलेली ती बाग. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात निवर्तली तेव्हा तिचे पहिले दफन जैनाबादच्या याच परिसरात झाले. त्या बागेत हरणांमागे दिवस घालविणाऱ्या शहाजाद्यांना कोणी उनाड म्हटले नाही. त्यांचा तो ‘शौक’ होता. तटाच्या आत मागावरून उठून तासभर नदीवर हिंडणाऱ्या पोराला मात्र तोच वेळ उनाडकी म्हणून मोजून मिळाला. ‘शौक’, ‘छंद’, ‘विहार’ हे शब्द पागोटे पाहून दिले जातात, आणि ‘उडाणटप्पू’ हा शब्द फाटका सदरा पाहून. दुसरा दोष स्त्रीविषयीचा आहे. घराबाहेर चार पावले अधिक टाकणाऱ्या बाईला ‘भटकभवानी’ म्हणतात. जगदंबेचे नाव शिवीला जोडताना जीभ अडखळली नाही. आणि हिंडणाऱ्या पुरुषाला डागण्यासाठी एवढा झोंबरा शब्द घडवावा असे कोणाला वाटले नाही. वर्षभर चुलीपाशी राबलेली बाई यात्रेच्या दिवशी मैत्रिणींबरोबर चार घटका हसली तर त्या हसण्याला शिळोपा म्हणण्याचे औदार्य आपल्या भाषेने क्वचितच दाखविले.

तिसरा दोष आपल्याला अधिक झोंबेल, कारण तो देवळाच्या दाराशी येऊन उभा राहतो. वारकऱ्याला ‘टाळकुटा’ म्हणून हिणविणारा शब्दही याच संग्रहातला आहे. टाळ वाजविणे म्हणजे हातांना काम नसणे, असा त्यातील ध्वनी. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या विद्वानानेही संतांच्या निवृत्तिपर शिकवणीवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात उलट प्रतिपादन केले, की संतांनी निर्माण केलेल्या जागृतीवरच पुढील राष्ट्रकार्य उभे राहिले. हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की भजनात गेलेला वेळ वाया गेला की सार्थकी लागला, हा प्रश्न विद्वानांच्या ग्रंथांत येण्यापूर्वी एका टोमण्यात विचारला गेला होता. टोमणा कडू असला तरी प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तरही शब्दांतच आहे. ‘कालक्षेप’ हा शब्द घ्या. त्याचा अक्षरार्थ वेळ ढकलणे, दिवस घालविणे. आजच्या तरुणांच्या ‘टाइमपास’चे याहून नेमके भाषांतर होणार नाही. पण हाच शब्द दक्षिणेत काय झाला? तंजावरावर १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. त्यांच्या आश्रयाने महाराष्ट्रातील कीर्तनपरंपरा कावेरीकाठी रुजली, आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांच्या हातून तिला ‘हरिकथा कालक्षेपम्’ म्हणून जो आकार आला तो तमिळ देशात मान्यता पावला. तेथे कालक्षेप म्हणजे भगवंताच्या कथेत घालविलेला वेळ. वेळ जावयाचाच आहे, मग तो कोठे जावा एवढेच माणसाच्या हाती आहे, असा विचार त्या नामकरणामागे दिसतो. बुद्धिमंतांचा काळ काव्यशास्त्राच्या विनोदात जातो आणि मूर्खांचा व्यसन, निद्रा व कलहात, असे सांगणारे सुभाषित पाठशाळेतील मुलांनाही पाठ असते. त्यातही काळ दोघांचाही जातोच. ‘विनोद’ या शब्दाचा मूळ अर्थही दूर सारणे, श्रम घालविणे असाच आहे.

खेळाचे तेच. सृष्टी हा परमेश्वराचा हेतुरहित खेळ आहे हे सांगण्यासाठी ब्रह्मसूत्रांनी ‘लीला’ हा शब्द योजला. एवढा गंभीर विचार सांगताना आचार्यांना खेळाहून मोठा दृष्टांत सापडला नाही. संतांनी फुगडी, टिपरी, विटीदांडू, हुतुतू यांवर अभंग आणि भारुडे रचली. गोमंतकात माशेलच्या देवकीकृष्णाच्या प्रांगणात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. पावसाने भिजलेल्या मातीत मोठमोठे गृहस्थ लोळतात, पोरांचे खेळ खेळतात, अंगाला चिखल फासतात. वर्षातील इतर दिवशी याच वागण्याला धांगडधिंगा म्हटले असते. त्या दिवशी तो कृष्णाचा काला आहे. खेळ तोच, पण तो कोणासमोर आणि कोणासह खेळला जातो यावरून त्याचे नाव ठरते. समर्थ रामदास कष्ट आणि यत्न यांचे केवढे पुरस्कर्ते! दासबोधात त्यांनी मूर्खांची लक्षणे सांगितली, करंट्यांची सांगितली, आणि टवाळांना विनोद आवडतो असा टोलाही दिला. पण त्यांचा रोष विनोदावर नसून टवाळावर आहे. ज्याच्या विनोदाला करुणेचा स्पर्श नाही त्याला त्यांनी बाजूला काढले. टवाळकी आणि विनोद यांतील रेषा त्यांनी एका शब्दाच्या आधारे ओढली, आणि ती रेषा ओढावयास शब्द हाताशी होता हे महत्त्वाचे.

आता ‘टाइमपास’. हा शब्द इंग्रजी असला तरी इंग्रजांचा नाही. ही आपल्याच देशात घडलेली जोडणी आहे. आगगाडीत शेंगदाणे विकणाऱ्याच्या तोंडी तो रुळला. २०१४ साली त्या नावाचा मराठी चित्रपट आला आणि गाजला. शब्द परका आहे म्हणून त्याच्यावर रागावणे हे या लेखाच्या प्रतिपादनाशीच विसंगत ठरेल, कारण मस्ती, मस्करी, फुरसत यांचे आपण आताच कौतुक केले. एवढेच नव्हे, तर तोही टकारानेच सुरू होतो, म्हणजे जातकुळीने या घरात शोभणारा आहे. त्याच्या बाजूने असेही म्हणता येईल की प्रत्येक पिढी आपल्या रिकामपणाला आपले नाव देते. ‘उडाणटप्पू’ हा शब्दही कधीतरी नवा आणि अशिष्टच असेल. हे सर्व मान्य. तक्रार निराळी आहे. मस्ती मराठीत आली तेव्हा तिने बागडण्याला हाकलून दिले नाही. ती त्याच्या शेजारी बसली. टाइमपास मात्र आला तो सगळी ओसरी अडवून बसला. सिनेमा पाहणे टाइमपास, मित्राशी बोलणे टाइमपास, दुसऱ्याची टिंगल टाइमपास, कामात चुकारपणा टाइमपास, आणि एखाद्या मुलीच्या मनाशी केलेला खेळही टाइमपासच. वरचे चार प्रश्न तो विचारीत नाही. वय, काम, वेळेचा धनी आणि दुखावलेला माणूस, कोणाचीच त्याला चौकशी नाही. टवाळकीला टवाळकी म्हटले की टवाळ थोडा तरी ओशाळतो. तिला टाइमपास म्हटले की ओशाळण्याचे कारणच उरत नाही. आणि उलट बाजूने, शिळोप्यालाही टाइमपास म्हटले की दिवसभर राबलेल्या माणसाच्या विसाव्याची प्रतिष्ठा जाते. कीर्तनालाही कोणी सहज तोच शब्द लावतो, तेव्हा त्याने कीर्तनाची निंदा केली असे मला वाटत नाही. त्याच्याजवळ दुसरा शब्द उरला नाही, हे अधिक चिंताजनक आहे.

कोकणी वाचकांना हीच कथा ‘सुशेगाद’ या शब्दाच्या रूपाने परिचित असेल. पोर्तुगीजमधील त्याचा मूळ अर्थ शांत, निश्चिंत असा. गोमंतकीयाने तो समाधानाने, घाईगर्दीवाचून जगण्याला लावला. जाहिरातींनी आणि पाहुण्यांनी त्याचा अर्थ आळस असा करून टाकला, आणि पहाटे होडी घेऊन निघणारा कोळीही त्या एका शब्दाच्या झुलीखाली आळशी ठरला. ‘गजाल’ हा केवढा सुंदर शब्द! गोष्ट, प्रकरण, मनातले बोलणे, सगळे त्यात येते. गजालीला बसलेला माणूस वेळ मारीत नसतो, तो शेजार राखीत असतो. सूक्ष्म शब्द गेला आणि ढोबळ शब्द राहिला म्हणजे माणसाविषयीचा न्यायही ढोबळ होतो.

बऱ्हाणपुरासारख्या सीमेवरील गावी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. २००३ साली खंडव्यापासून अलग होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची आणि बहुतेक शिक्षणाची भाषा हिंदी असलेल्या मुलुखात मराठी घराची भाषा म्हणून जगते, आणि घराच्या भाषेत व्याख्यान कमी व रागावणे अधिक असते. अशा ठिकाणी ‘टंगळमंगळ करू नकोस’ हे वाक्य म्हणजे एका अर्थी मराठीचे शेवटचे ठाणे आहे. मुलगा उद्या हिशेब हिंदीत करील, अर्ज इंग्रजीत लिहील. पण आपल्या मुलावर रागावताना कोणता शब्द त्याच्या तोंडून येईल, त्यावर ती भाषा पुढच्या पिढीत गेली की नाही हे ठरेल. अशा घरांच्या दृष्टीने या ‘अशिष्ट’ शब्दांचे मोल अभिजात काव्याइतकेच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

मोल्सवर्थने १८३१ च्या आणि १८५७ च्या आवृत्तींत लोकांच्या तोंडचे असे शब्द आदराने टिपले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात आणि पुढे वाक्संप्रदाय कोशाने तेच काम विस्ताराने केले. कोश आपले काम करून गेले. आता उरले ते वापरणाऱ्यांचे. उत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळांतून निबंधस्पर्धा होतात आणि मुले गुळगुळीत विषयांवर गुळगुळीत भाषणे करतात. त्यांच्या आजी-आजोबांकडून रागावण्याचे, चिडविण्याचे, खेळण्याचे शब्द त्यांनी गोळा करून आणावेत आणि कोणता शब्द केव्हा लावावा हे सांगावे, अशी स्पर्धा एकदा ठेवून पाहण्यास काय हरकत आहे? हसत-खेळत होईल, आणि विवेकाचे शिक्षणही होईल. ‘भटकभवानी’सारखा शब्द आला तर तो का टाकावा याचीही चर्चा त्याच सभेत व्हावी. वारसा जपावयाचा म्हणजे त्यातील केरही जपावयाचा असे नव्हे.

बऱ्हाणपुराहून ताप्ती खाली खानदेशात वाहत जाते. तेथे पूर्णेशी तिचा संगम होतो त्या ठिकाणी चांगदेवाचे स्थान आहे, आणि जवळच मुक्ताईचे. चौदाशे वर्षे तप केलेल्या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले. मायना काय लिहावा हे न सुचल्यामुळे कागद तसाच पाठविला. तो कोरा कागद पाहून, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, अशा अर्थाचे मुक्ताई बोलली, असे परंपरा सांगते. वेळ वाया गेल्याचा याहून मोठा हिशेब मराठीत कोणी मांडला नसेल, आणि तो मांडणारी एक लहान मुलगी थट्टेच्या सुरात बोलत होती. तिच्या थट्टेने चांगदेवाचा अपमान झाला नाही. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, आणि पुढे त्या वृद्ध योग्याने त्या मुलीलाच गुरू केले. टवाळकी माणसाला लहान करते. मुक्ताईची थट्टा माणसाला जागे करते. या दोन गोष्टींना दोन नावे असणे ही आपल्या भाषेची पुण्याई आहे, आणि ती खर्चून टाकण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही.